गाडी खालून बघा

जुनी फोर बाय फोर घ्यायला निघालेला माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. डिझेल आहे की पेट्रोल, आणि किती चाललीय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दोन्ही इंजिनाभोवतीच फिरतात, आणि इंजिन साध्या गाडीलाही असतं. अशा गाडीसाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजतो ते पुढच्या-मागच्या चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या यंत्रणेचे असतात. गिअरबॉक्सला जोडून बसलेली ट्रान्सफर केस, तिथून पुढे आणि मागे जाणारे दोन प्रॉपेलर शाफ्ट, दोन डिफरन्शियल, दोन अ‍ॅक्सल आणि हे सगळं पेलणारी चासी. यातलं काहीच उभ्या माणसाला धड दिसत नाही. गिऱ्हाईक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतं, आत बसून बघतं, दारावरून हात फिरवतं आणि भाव करायला बसतं. माझं म्हणणं असं की ही गाडी खालून विकत घ्यावी. खालचा भाग धड असेल तरच इंजिनाकडे वळावं, आणि डिझेल की पेट्रोल हा निर्णय आपलं महिन्याचं रनिंग आणि गाडीचे कागद यांच्यावर सोडावा.

मुळात समोरची गाडी फोर बाय फोर आहे का, इथूनच सुरुवात करावी लागते, कारण नावावरून ते कळत नाही. महिंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार आणली तेव्हा ती फक्त चारही चाकांवर चालणारी होती. जानेवारी २०२३ मध्ये तिची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती आली आणि बाहेरून दोघी जवळपास सारख्याच दिसतात. टाटा सफारी १९९८ पासून फोर बाय फोरमध्येही मिळायची, शेवटच्या सफारी स्टॉर्मपर्यंत. २०२१ साली त्याच नावाने आलेल्या गाडीला मात्र ताकद फक्त पुढच्या चाकांवर आहे. फॉर्च्युनरचं पेट्रोल इंजिन आपल्याकडे दोन चाकांवर चालणाऱ्या आवृत्तीतच मिळतं आणि स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये. उलट जिप्सी आणि २०२३ ची जिम्नी या दोन्ही फक्त पेट्रोल. म्हणजे लो रेंज (हळू वेगात जास्त ओढ देणारे गिअर) असलेली खरी फोर बाय फोर हवी असेल तर इंधनाची निवड बहुतेक वेळा कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. दोन्ही इंधनांत सहज मिळणारी अशी गाडी म्हटली तर २०२० नंतरची थार डोळ्यांसमोर येते, बाकी ठिकाणी गाडी ठरली की इंधनही ठरतं. ज्या प्रश्नावर गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळ घालवतं त्याला बाजारात एवढीच जागा उरते.

आता किलोमीटरचं. साध्या गाडीच्या झिजेचा अंदाज मीटरवरून थोडाफार बांधता येतो. फोर बाय फोरची झीज अंतराने कमी आणि वापराच्या जातीने जास्त होते. ताडोबा किंवा पेंचसारख्या जंगलात सफारीसाठी फिरलेली जिप्सी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीत, भरल्या सीटांनिशी चालते आणि संध्याकाळी मीटरवर फारसे आकडे चढलेले नसतात. तेवढ्याच किलोमीटरची पुणे-नाशिक रस्त्यावर धावलेली गाडी तिच्यापेक्षा खूपच कमी थकलेली असते. उलट टोकाचा वापरही वाईट. शहरातल्या सोसायटीत उभी राहिलेली आणि फोर व्हीलचा लिव्हर वर्षानुवर्षं न हललेली गाडी कागदावर कमी चाललेली दिसते, पण तिच्या ट्रान्सफर केसमधला गिअर सरकवणारा फोर्क जाम झालेला असू शकतो, पुढच्या अ‍ॅक्सलचे ऑइल सील सुकून तडकलेले असू शकतात. शिवाय मीटर मागे घेणं आपल्या बाजारात नवं नाही. टायरच्या बाजूवर कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे बघावेत. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर गाडीनंतरचे निघाले तर वीस हजार चाललेल्या गाडीला दुसरा टायरसंच का लागला, असा साधा प्रश्न विचारला की बरीच माहिती बाहेर पडते.

याहून महत्त्वाची झीज चुकीच्या वापरातून येते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. जिप्सी, थार, जिम्नी, जुनी सफारी, २०१६ नंतरची फॉर्च्युनर या गाड्यांची यंत्रणा पार्ट-टाइम आहे. फोर व्हील घातलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट बांधले जातात आणि एकाच वेगाने फिरतात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, त्यामुळे त्यांना जास्त फिरावं लागतं. चिखलात किंवा वाळूत चाक जरासं घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो ताण शाफ्ट, त्याच्या सांध्यातले क्रॉस आणि ट्रान्सफर केसच्या चेनवर किंवा गिअरांवर साठत जातो. लिव्हर अडकून बसतो, गाडी वळणावर दाबून धरल्यासारखी वाटते आणि कालांतराने काहीतरी तुटतं. पावसात पकड चांगली मिळते या समजुतीने हायवेवर फोर व्हील घालून चालवणारे मालक कमी नाहीत. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे किंवा वेगळ्या झिजेचे असतील तर सरळ रस्त्यावरही हेच घडतं. म्हणून चार टायर एका मापाचे, एका कंपनीचे आणि सारखेच झिजलेले आहेत का, ही तपासणी साध्या गाडीत किरकोळ असली तरी इथे कळीची ठरते. २००९ च्या पहिल्या फॉर्च्युनरसारख्या फुल-टाइम गाडीत मध्ये तिसरं डिफरन्शियल असतं, ते हा फरक सांभाळतं. पण टायर वेगवेगळे असतील तर तेही कायम राबत राहतं आणि लवकर झिजतं.

दुसरा शत्रू पाणी. डिफरन्शियलच्या हाऊसिंगला हवा येण्याजाण्यासाठी वर एक छोटा ब्रीदर असतो. गाडी तासभर चालली की आतलं ऑइल आणि हवा तापते. तीच गाडी ओढ्यात उतरली की हाऊसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल किंवा पाण्याखाली गेला असेल तर ते काहीतरी म्हणजे सीलमधून शिरणारं पाणी. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं होतं आणि वंगण म्हणून निकामी ठरतं. मालकाला महिनोन्‌महिने काही कळत नाही. मग एक दिवस बेअरिंग ओरडायला लागतं. यावरची तपासणी स्वस्त आहे. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा आणि ट्रान्सफर केसचा लेव्हल प्लग उघडून बोट घालावं आणि ऑइलचा रंग बघावा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बोटांत चोळल्यावर चमचम करणारी भुकटी थोडी चालते, कण टोचले तर गिअर खाल्ले जातायत. एखादा विक्रेता प्लग उघडू देत नसेल तर त्याचा नकार हेच उत्तर समजावं.

प्लग बंद केल्यावर रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेतलेल्या गाडीखाली टॉर्च घेऊन निवांत वेळ घालवावा. ट्रान्सफर केस आणि अ‍ॅक्सलच्या टोकांना ओलसरपणा आहे का. प्रॉपेलर शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळल्यावर क्रॉसमध्ये खेळ जाणवतो का. पुढच्या चाकांकडचे रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं आहे का. मागच्या पाट्यांचं एखादं पान तुटलंय का, हे सगळं डोळ्यांना आणि हातांना कळतं. चासीवर मात्र विशेष रेंगाळावं. तिचे दोन लांब बीम, आडवे जोड आणि पाट्यांचे किंवा स्प्रिंगचे माउंट पोटाखालून पूर्ण बघावेत. सरळ रेघेत नसलेलं, नंतर मारलेलं वेल्डिंग म्हणजे अपघात किंवा ओझं. नवाकोरा काळा रंग सगळीकडे सारखा फासलेला असेल तर शंका घ्यावी, कारण गंज आणि वेल्डिंग झाकायची ती सगळ्यात सोपी युक्ती आहे. हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकलं तर निरोगी लोखंड खणखणतं, आतून खाल्लेलं बद्द बोलतं. कोकणातली आणि गोव्यातली गाडी असेल, त्यातून समुद्राच्या वाळूत फिरवलेली असेल, तर मिठाने बीमच्या आतल्या पोकळीतून काम सुरू केलेलं असतं. बाहेरून दिसतो तो गंज शेवटचा टप्पा असतो. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण कुजलेल्या चासीला परवडणारा इलाज नाही.

पुराचाही विचार इथेच करावा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या. विम्यात निकाली निघालेली गाडी दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येते, आणि बऱ्याचदा दूरच्या जिल्ह्यात. फोर बाय फोर उंच असते म्हणून तिला पुराचं भय नाही, ही समजूत चुकीची आहे. सीट बेल्ट टोकापर्यंत बाहेर ओढला की गाळाची रेघ दिसते, पायाखालच्या गालिच्याच्या खाली, सीटच्या रेलमध्ये, डॅशबोर्डमागच्या वायरिंगच्या जोडांत माती सापडते. बऱ्याच नव्या गाड्यांत फोर व्हील घालण्याचं कामसुद्धा वायर आणि मोटर करतात, त्यामुळे भिजलेलं वायरिंग वर्षभराने नेमकं चढणीवर दगा देतं.

चालवून बघताना गिऱ्हाईक गाडी डांबरावर पळवतं आणि समाधानाने परततं. या गाडीची परीक्षा मोकळ्या मातीवर, वाळूत किंवा ओल्या गवतावर घ्यायला हवी. थांबून, न्यूट्रलमध्ये लो रेंज घालावी, ती कुरकुर न करता बसायला हवी. छोट्या चढावर ॲक्सिलरेटर दाबावा, मग एकदम सोडावा. अशा वेळी लिव्हर उडून बाहेर आला तर ट्रान्सफर केस आतून झिजलेली आहे. दाबताना किंवा सोडताना सूर बदलणारा हुंकार आला तर डिफरन्शियलमधला क्राऊन-पिनियन बघावा लागेल. उठताना मधोमध टक्क असा आवाज आला तर क्रॉस किंवा शाफ्टचा सरकता स्लिप जोड. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नये. अनेक गाड्यांत तो ट्रान्सफर केसवरच्या स्विचने लागतो, पुढची चाकं प्रत्यक्ष जोडली गेली की नाही हे तो सांगेलच असं नाही. खात्री करायची तर गाडी सपाटीवर घ्यावी, मागच्या चाकांना पक्की उटी लावावी, फोर व्हील घालून इंजिन बंद करावं, पुढचं एक चाक जॅकवर उचलावं आणि हाताने फिरवायचा प्रयत्न करावा. थोडा खेळ देऊन ते अडायला हवं. सुटं फिरलं तर हब, अ‍ॅक्सलची जोडणी किंवा लिव्हर यांपैकी काहीतरी मेलेलं आहे. फोर्सच्या गुरखासारख्या गाडीत दोन्ही अ‍ॅक्सलना डिफरन्शियल लॉक असतं, तिथे ते लागतं का हे जितकं बघायचं तितकंच सुटतं का हेही.

यावर एक आक्षेप निश्चित येईल. मोठ्या कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात तपासणीची लांबलचक यादी असते, वॉरंटी असते, सर्व्हिस रेकॉर्ड असतं. मग सामान्य माणसाने गाडीखाली कशाला झोपावं? रेकॉर्ड उपयोगी आहे, त्यातून इंजिन ऑइल वेळेवर बदललं का हे कळतं. पण डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल कधी बदललं, ही नोंद त्यात शोधून बघा, बऱ्याचदा ती नसते. अशा याद्या सर्वसाधारण मोटारींसाठी बेतलेल्या असतात, कारण विक्री त्यांचीच होते. लो रेंज घालून गाडी चढावर घेतली होती का, आणि वॉरंटीत ट्रान्सफर केस धरली आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. इंजिनापेक्षा खालच्या भागावर जोर देण्याचं आणखी एक व्यवहारी कारण आहे. स्कॉर्पिओचं किंवा बोलेरोचं इंजिन उघडणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावी मिळतो, कारण त्याच इंजिनाच्या दोन चाकांवरच्या गाड्या सगळीकडे धावतात. पुढच्या अ‍ॅक्सलचा आणि ट्रान्सफर केसचा माल त्या संख्येने लागतच नाही, तो मागवावा लागतो. मित्सुबिशीची पजेरो किंवा फोर्डची एन्डेव्हर घेणाऱ्याने तर पार्टची चौकशी गाडी बघायच्या आधी करावी. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. गाडी उत्तम असेल, पण अडली तर किती दिवस अडेल हे माहीत हवं.

इंजिनाबद्दल थोडक्यात. ते थंड असताना सुरू करून बघावं, आपण पोचायच्या आधी तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावं. निळा धूर ऑइल जळाल्याचा, न थांबणारा पांढरा धूर कुलंट जळत असल्याचा किंवा डिझेल अर्धवट जळाल्याचा, दाट काळा धूर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या वाटेत बिघाड असल्याचा. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर काढल्यावर जोरात वाफ फेकत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा गेल्यात. पाण्यात उतरलेल्या गाडीच्या एअर फिल्टरचा डबा उघडून तळाला गाळाची रेघ आहे का बघावी. सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त म्हणून हा धोकाही जास्त.

मग इंधन कसं ठरवायचं? भावनेपेक्षा हिशेबाने. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल सुमारे साडेतीनने शंभरीच्या वर आणि डिझेल नव्वदच्या आसपास होतं. डिझेल गाडी लिटरला १२ किलोमीटर आणि पेट्रोल ९ देते असं धरलं, तर महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पेट्रोलमध्ये सुमारे ४,००० रुपये जास्त जातात. तोच माणूस महिन्याला तीनशे किलोमीटर चालवत असेल तर फरक १,२०० रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे वर्षाला सुमारे १४,४००. कॉमन रेल डिझेलचे इंजेक्टर आणि टर्बो यांची एकच मोठी दुरुस्ती कित्येक वर्षांची ही बचत गिळू शकते. त्यात एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करण्यासाठी सलग, गरम होईपर्यंत धाव मागतो. फक्त शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो. म्हणून रोज लांब पल्ला, ट्रेलर ओढणं, घाटातून ओझं नेणं असेल तर डिझेल. शनिवार-रविवारची फिरती आणि शेतावरच्या चार खेपा असतील तर पेट्रोल. कमी वेगातल्या चढावर डिझेलची ओढ चांगली लागते, हे खरंच आहे. पण लो रेंज गिअर ती कमतरता बरीचशी भरून काढतो, जिप्सीने ते छोट्याशा इंजिनावर दशकानुदशकं दाखवलंय.

डिझेलचं भवितव्यच संपलंय, मग विचार कशाला, असं म्हणणारेही आहेत. दिल्लीतल्या निर्बंधांचा हवाला ते देतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली, आणि २०२५ मध्ये न्यायालयानेच सक्तीच्या कारवाईला आवर घातला. तो नियम महाराष्ट्राचा नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी इंधन कोणतंही असो पंधरा वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षं वाढवता येते. मात्र दिल्लीच्या त्या नियमामुळे तिथल्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येत राहिल्या. अशा गाडीची एनओसी, महाराष्ट्रातला रस्ता कर आणि नव्याने नोंदणी हा खर्च धरला की स्वस्ताई बरीच आटते. पेट्रोलवाल्यांनीही एक गोष्ट पक्की धरावी. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांमधले काही रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात हे सरकारनेही मान्य केलंय. जुन्या जिप्सीची इंधनाची नळी बघितल्याशिवाय व्यवहार करू नये.

कागदांत आणखी एक सापळा असतो. या गाड्यांचे शौकीन मालक उंची वाढवतात, रुंद टायर लावतात, लोखंडी बंपर बसवतात, कुणी जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन घालतात. कंपनीच्या मूळ आराखड्यात असे बदल करायला कायदा परवानगी देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलांवर बोट ठेवते. चासीवर कोरलेला नंबर आणि इंजिनाचा नंबर आरसीशी स्वतः जुळवावेत, कर्जाचा बोजा, चलन आणि विमा परिवहनच्या संकेतस्थळावर बघावेत, आणि बोजा असेल तर फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय फॉर्म २९ आणि ३० वर भरवसा ठेवू नये.

अखेरचा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे. एवढी उठाठेव करण्यापेक्षा चांगल्या टायरांची, उंच, दोन चाकांवरची गाडी घेतली तर काय बिघडतं? बहुतेकांचं काहीच बिघडत नाही. किल्ल्याच्या पायथ्याचा कच्चा रस्ता आणि कोरडी पाणंद तीही पार करते. ज्याला पावसाळ्यात काळ्या मातीतून शेतावर जावं लागतं, लाल चिखलाच्या चढावरून घर गाठावं लागतं, त्याने मात्र या यंत्रणेवर पैसे घालावेत, आणि घालायचे तर ती चालू आहे याची खात्री करूनच. गाडी ताब्यात आली की पहिल्याच आठवड्यात गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल एकदम बदलून घ्यावं, ब्रीदरच्या नळ्या साफ करून वर चढवाव्यात. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर फोर व्हील आणि लो रेंज घालून थोडं अंतर चालवावी, म्हणजे फोर्क आणि सील जाम होत नाहीत आणि जून महिन्यात पहिल्या पावसात लिव्हर बरोबर जागेवर बसतो.